दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : ३१ जुलै १९०७, कोसबेन, गोवा, मृत्यू : २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्राचे अभ्यासक, संस्कृत ग्रंथांचे संपादक आणि इतिहासकार होते. भारतीय इतिहासाच्या अभ्यासात मार्क्सवादी पद्धतीचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. गणिताच्या क्षेत्रात त्यांचे नाव मुख्यतः तीन गोष्टींशी जोडलेले आहे : पथ-अवकाशांची भूमिती, यादृच्छिक प्रक्रियांचे विश्लेषण आणि जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र. गतिमान प्रणालींचे गणित आणि समाजाच्या स्थित्यंतराचा मार्क्सवादी विचार हे दोन्ही एकाच अभ्यासकाच्या कार्यात एकत्र आल्याचे त्यांच्यासारखे उदाहरण भारतात विरळा आहे.

बालपण आणि शिक्षण

पाली भाषा व बौद्ध धर्माचे विख्यात अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी हे दामोदर यांचे वडील आणि बाळाबाई या त्यांच्या मातोश्री. विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने निमंत्रित केले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक यांना त्यांनी बरोबर नेले. पुढे १९२९ मध्ये धर्मानंदांनी सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथेही काही काळ अध्यापन केले. बौद्ध विद्या आणि समाजवाद या दोहोंविषयीची आस्था त्यामुळे दामोदर यांना घरातूनच लाभली.

दामोदर यांचे शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी झाले. पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचे जनक म्हणून प्रसिद्धी पावलेले गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा परिचय याच गावी झाला. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. काळाबरोबर बदलत जाणाऱ्या प्रणालींच्या, म्हणजे गतिमान प्रणालींच्या, गणिती सिद्धांताचे बर्कहॉफ हे अग्रणी होते. एकट्या गणितावर लक्ष केंद्रित करावे, असा सल्ला त्यांनी दिला असता कोसंबींनी अनेक भाषा व इतर विषयही अभ्यासले. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून ते भारतात परतले.

अध्यापन

भारतात आल्यावर कोसंबींनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवले. अलीगढला फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय हे त्यांचे सहकारी होते. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्री-इतिहासाच्या अभ्यासक व समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी या त्यांच्या कन्या होत. १९३३ च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिले. १९४५ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. घर पुण्यात आणि संस्था मुंबईत असल्याने डेक्कन क्वीन या गाडीने ते नियमित ये-जा करीत.

गणितातील संशोधन

१९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात कोसंबींनी द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणांच्या समूहाकडे भूमितीच्या दृष्टीने पाहिले. अशा समीकरणांचे प्रत्येक उत्तर हा एक मार्ग मानला, तर शेजारशेजारचे दोन मार्ग पुढे जवळ राहतात की एकमेकांपासून दूर जातात, हे त्या अवकाशाच्या रचनेवरून सांगता येते. फ्रेंच गणितज्ञ एली कार्तां यांनी त्याच नियतकालिकात या लेखावर टिपण लिहिले. पुढे १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली. त्यामुळे हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो. एखादी प्रणाली लहानशा धक्क्याने विस्कटते की सावरते, हे तपासण्यासाठी भौतिकशास्त्रात व जीवशास्त्रात त्याचा उपयोग केला जातो.

१९४३ मध्ये यादृच्छिक प्रक्रियेचे परस्परांवर अवलंबून नसलेल्या घटकांमध्ये विघटन करण्याची रीत त्यांनी मांडली. कारहुनेन व लोएव्ह यांनी तीच कल्पना काही वर्षांनी स्वतंत्रपणे मांडली. युरोप-अमेरिकेत ती त्या दोघांच्या नावाने रूढ झाली आणि कोसंबींच्या अग्रक्रमाची दखल बरीच उशिरा घेतली गेली. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र दिले. कोसंबी सूत्र या नावाने ते आजही आनुवंशिकीत वापरले जाते.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोची अधिछात्रवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास केला. शिकागो विद्यापीठात त्यांनी एक सत्र भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेतही काही काळ व्यतीत केला.

नाण्यांकडून इतिहासाकडे

इतिहासाच्या क्षेत्रात कोसंबी आले ते संख्याशास्त्राच्या वाटेने. एखाद्या प्रत्यक्ष सामग्रीवर संख्याशास्त्रीय पद्धती तपासून पाहावी, या हेतूने त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची निवड केली. नाणे हातोहात फिरताना झिजते. एकाच वजनाची म्हणून पाडलेली नाणी जितका अधिक काळ चलनात राहतात तितके त्यांचे सरासरी वजन कमी होते आणि निरनिराळ्या नाण्यांच्या वजनांतील तफावत वाढते. चालू काळातील नाणी तोलून त्यांनी आधी या नियमाची खातरजमा केली व मग तक्षशिला येथे सापडलेल्या साठ्यांना तो लावला. अशी हजारो नाणी त्यांनी स्वतः तोलली. नाण्यांच्या मागील बाजूवरील ठशांची संख्या वाढते तसे वजन घटत जाते, हेही त्यांनी दाखवले. त्यावरून नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावणे शक्य झाले. ज्यांवर राजाचे नाव नाही अशा मुक्या नाण्यांकडून इतिहासाची माहिती मिळवण्याची ही नवी रीत होती.

नाण्यांचा क्रम लागला तरी ती कोणी पाडली आणि कोणत्या व्यवहारात वापरली, हा प्रश्न उरत होता. त्याच्या उत्तरासाठी त्यांना संस्कृत व पाली ग्रंथांकडे, ग्रंथांच्या विश्वसनीयतेसाठी हस्तलिखितांकडे आणि ग्रंथांत नसलेल्या गोष्टींसाठी पुरातत्त्वाकडे व लोकजीवनाकडे वळावे लागले. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाचे संपादन त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह केले. ते १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत प्रकाशित झाले.

मार्क्सवादी इतिहासलेखन

ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी हा कोसंबींचा प्रमुख इतिहासग्रंथ १९५६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. राजे, लढाया व सनावळ्या यांच्या जागी उत्पादनाची साधने आणि उत्पादनातील मानवी संबंध यांत क्रमाने होत गेलेले बदल त्यांनी इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. गंगेच्या खोऱ्यातील जंगलतोड, लोखंडी फाळाची शेती, मगध राज्याचे खनिजांवरील नियंत्रण, श्रेणी व व्यापारी मार्ग, स्वयंपूर्ण खेड्यांची वाढ आणि जातिव्यवस्थेची घडण हे घटक परस्परांशी कसे जोडलेले आहेत, याची त्यात चर्चा आहे. मिथ अँड रिॲलिटी (१९६२) आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा मांडणारा १९६५ चा ग्रंथ हे त्यानंतरचे महत्त्वाचे लेखन होय.

मार्क्सने युरोपच्या इतिहासावरून सांगितलेले टप्पे भारताला जसेच्या तसे लावण्यास त्यांचा विरोध होता. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी आदिम साम्यवादानंतर गुलामगिरी हा क्रम भारतास लावून लिहिलेल्या पुस्तकावर त्यांनी १९४९ मध्ये कठोर टीका केली. युरोपच्या अर्थाने गुलामांच्या श्रमावर उभी असलेली समाजव्यवस्था भारतात नव्हती, असे त्यांचे मत होते. आशियाई समाज शतकानुशतके निश्चल राहिला, हे मार्क्सचे मतही त्यांनी स्वीकारले नाही. भारतीय सरंजामशाहीच्या दोन वाटा त्यांनी सांगितल्या : राजसत्तेने दुय्यम अधिकाऱ्यांना हक्क दिल्याने वरून आलेली आणि खेड्यातच जमीनदार वर्ग तयार होऊन खालून वाढलेली.

कागदपत्रांइतकेच महत्त्व ते पायपिटीला देत. पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर त्यांनी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातील दगडी हत्यारे, गोळा केली. जुन्या पायवाटा जेथे मिळतात तेथे मातृदेवतांची ठाणी आढळतात, हे त्यांनी नोंदवले. कार्ले, जुन्नर आदी ठिकाणची लेणी व्यापारी मार्गांवर असून विहारांचा त्या व्यापाराशी निकटचा संबंध होता, असा निष्कर्ष त्यांनी दानलेखांच्या आधारे काढला. कार्ल्याच्या चैत्याशेजारी एकवीरा देवीचे देऊळ आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावासारख्या कोळीवाड्यांतून भाविक आजही तेथे जातात. नवी व्यवस्था आली तरी जुनी पूर्णपणे नाहीशी न होता तिच्यासोबत टिकून राहते, हे कोसंबी अशा ठिकाणांच्या अभ्यासातून दाखवीत.

मार्क्सवाद आणि प्रणालीविज्ञान

कोणत्याही वस्तूचे भाग सुटे न पाहता त्यांच्या परस्परसंबंधांतून तयार होणाऱ्या समग्राचा अभ्यास करणे, हा प्रणालीविज्ञानाचा गाभा आहे. रशियन विचारवंत अलेक्सांद्र बोग्दानोव्ह यांनी १९१३ पासून संघटनेचे सर्वसाधारण शास्त्र टेक्टॉलॉजी या नावाने मांडले. तत्पूर्वी १९०९ मध्येच लेनिनने त्यांच्या तत्त्वज्ञानावर टीका केली होती. १९४८ मध्ये वीनर यांचा सायबरनेटिक्सवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सोव्हिएत रशियात त्या शास्त्राला आरंभी भांडवलशाहीचे छद्मविज्ञान ठरवण्यात आले. १९५५ नंतर मात्र तेथे त्याचा स्वीकार झाला. पोलिश मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगे यांनी पुढे समग्र व अंश यांच्या संबंधाचा गणिती विचार केला.

कोसंबी प्रणालीवैज्ञानिक म्हणून ओळखले जात नाहीत. परंतु या वादातील मूळ प्रश्नाला त्यांच्या कार्यातून एक उत्तर मिळते. समाज हा परस्परावलंबी घटकांचा समुच्चय आहे आणि संख्येतील वाढ एका मर्यादेनंतर गुणात्मक बदल घडवते, हे त्यांना मान्य होते. समतोल टिकवणारी यंत्रणा एवढ्या अर्थाने मात्र त्यांनी समाजाकडे पाहिले नाही. समाजाच्या अंतर्गत विरोधांतूनच तो बदलतो, ही मार्क्सची दृष्टी त्यांनी कायम ठेवली. जेथे मोजमाप शक्य होते तेथे, जसे नाण्यांच्या बाबतीत, त्यांनी काटेकोर गणित वापरले. जेथे ते शक्य नव्हते तेथे गणिताचा आव आणला नाही. त्यांच्या इतिहासग्रंथांत समाजाची समीकरणे नाहीत, ही बाब त्यांच्यासारख्या गणितज्ञाच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मार्क्सवाद हा त्यांच्या लेखी सिद्ध झालेल्या उत्तरांचा संच नव्हता. पुराव्यावर पुन्हा पुन्हा पारखून घ्यावयाची ती पद्धत होती.

मतभेद आणि अखेरची वर्षे

१९५० च्या दशकात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. त्यानिमित्ताने त्यांनी चीन, रशिया, फिनलंड आदी देशांना भेटी दिल्या. भारतासारख्या देशाने खर्चिक अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर संशोधन करावे, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. १९६० मध्ये पुण्यात दिलेल्या भाषणातही त्यांनी ते विस्ताराने सांगितले. भारताच्या अणुकार्यक्रमाचे नेतृत्व भाभा यांच्याकडेच असल्याने दोघांतील अंतर वाढत गेले. याच सुमारास, १९५९ मध्ये, कोसंबींनी रीमान गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. तो दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि गणितातील त्यांच्या प्रतिष्ठेला त्यामुळे धक्का पोहोचला. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही.

त्यानंतरही त्यांचे संशोधन थांबले नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांची मानद वैज्ञानिक म्हणून नियुक्ती केली. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत ते काम करू लागले. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यावेळी ते ५८ वर्षांचे होते.

मूल्यमापन

रामशरण शर्मा, रोमिला थापर, इरफान हबीब आदी इतिहासकारांच्या लेखनावर कोसंबींचा प्रभाव आहे. त्यांच्या काही निष्कर्षांना नंतर आव्हानही मिळाले. गंगेच्या खोऱ्यातील वसाहतीत लोखंडाचा वाटा किती, याविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. भारतात सरंजामशाही होती काय, हा प्रश्न हरबन्स मुखिया यांनी मुळातूनच उपस्थित केला. नव्या पुराव्याच्या आधारे जुने निष्कर्ष तपासण्याची ही प्रक्रिया कोसंबींच्या स्वतःच्या पद्धतीशी सुसंगतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० मध्ये त्यांना हरी ओम आश्रम पुरस्कार मरणोत्तर दिला. जन्मशताब्दीनिमित्त ३१ जुलै २००८ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट प्रकाशित केले.