मांसात हाड कसं उगवलं? डॉ. मार्शल युरिस्ट आणि बीएमपीची गोष्ट

समजा, देवळ्याहून सटाण्याला जाताना कुणाची बाईक घसरली. नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला, पण सहा-सात महिने झाले तरी एक्स-रेमध्ये फट दिसतेच आहे. मग नाशिकचे हाडांचे डॉक्टर सांगतात की कमरेचं थोडं हाड काढून त्या फटीत भरावं लागेल. याला म्हणतात बोन ग्राफ्ट. घरचे चक्रावतात: मोडलाय पाय, आणि चिरा कमरेला? बरं, कमरेची ती जखम बऱ्याच पेशंटना नंतर बरेच दिवस दुखत राहते, तो त्रास वेगळाच.

पण त्या भरलेल्या हाडात असं असतं तरी काय? त्यात जिवंत पेशी असतात, नव्या हाडाला चढायला आधार असतो, आणि आणखी एक गोष्ट असते. ती तिसरी गोष्ट शोधण्यात डॉ. मार्शल युरिस्ट यांचं निम्मं आयुष्य गेलं. हाडांच्या डॉक्टरांमध्ये हे नाव सगळ्यांना माहीत, बाहेर मात्र फारसं कुणाला नाही.

युरिस्ट यांचा जन्म 1914 चा, शिकागोचा. 1941 मध्ये ते जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाले. तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं, त्यामुळे लष्करातही सेवा झाली. ते सर्जन होतेच, पण त्यांचा जीव रमायचा प्रयोगशाळेत. शिकागोत फ्रँकलिन मॅकलीन या शास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांना हाडाचं वेड लागलं आणि दोघांनी मिळून 1955 मध्ये हाडांवर एक पुस्तकही लिहिलं. पुढची सगळी कारकीर्द लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेली.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. त्याचा अर्धा भाग तुम्ही घरीच करू शकता. रविवारच्या रश्श्यातलं तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. ते रबरासारखं वाकायला लागतं. ॲसिडने त्यातलं कॅल्शियम विरघळतं आणि मागे उरतं ते नुसतं प्रथिनांचं जाळं. युरिस्ट यांनी हेच हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरून केलं. हाडात कॅल्शियम कसं साठतं हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय होता. त्यांनी हे मऊ तुकडे ससे, उंदीर अशा प्राण्यांच्या स्नायूत पुरले. स्नायूत, म्हणजे मांसात. हाडाशी कुठेही संबंध नाही.

काही आठवड्यांनी पाहिलं तर तिथे नवं हाड तयार झालेलं! पुरलेला तुकडा पुन्हा कडक झाला, एवढंच घडलं नव्हतं. प्राण्याच्या स्वतःच्या पेशी तिथे आल्या, त्यांनी जुना तुकडा हळूहळू खाल्ला आणि त्या जागी नवं जिवंत हाड रचलं. 1965 मध्ये सायन्स या नियतकालिकात हे छापून आलं.

गंमत अशी की, कॅल्शियम काढलेलं हाड शिकागोच्याच निकोलस सेन या सर्जनने 1889 मध्ये पेशंटच्या हाडातले खड्डे भरायला वापरलं होतं. पण असल्या हाडात नेमकं काय दडलंय, हा प्रश्न लावून धरला तो युरिस्ट यांनी, पाऊणशे वर्षांनी.

युरिस्ट यांचा तर्क सरळ होता. कॅल्शियम तर आपण काढून टाकलं, तरी हाड उगवलं. म्हणजे उरलेल्या प्रथिनांमध्येच कोणीतरी शरीराच्या पेशींना मेसेज पाठवतंय की हाड बनवा. 1971 मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी. (फोटोची बीएमपी फाइल ती वेगळी!) पेशींना असे निरोप देणाऱ्या प्रथिनांना एकूणच ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

नाव दिलं, पण वस्तू हातात कुठे होती? हाडात हे प्रथिन इतकं कमी असतं की किलोकिलोने हाडं दळून, धुऊन, गाळून शेवटी चिमूटभरही मिळत नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं. या टप्प्यावर दोन भारतीय नावं येतात. मूळचे मद्रासचे हरी रेड्डी यांनी नोबेल विजेते चार्ल्स हगिन्स यांच्यासोबत 1972 मध्ये दाखवलं की अशा ठिकाणी आधी कूर्चा तयार होते आणि तिच्या जागी नंतर हाड येतं. कूर्चा म्हणजे सांध्यातली ती गुळगुळीत गादी. मग 1981 मध्ये कुबेर संपत आणि रेड्डी यांनी हाडाचं जाळं आणि त्यात विरघळणारी प्रथिनं वेगळी केली. दोन्ही वेगवेगळी पुरली तर काहीच होईना, पुन्हा एकत्र केली की हाड हजर. म्हणजे मेसेजही लागतो आणि तो धरून ठेवणारी जागाही लागते.

शेवटी 1988 मध्ये जॉन वोझनी आणि जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी बीएमपीची मानवी जनुकं शोधली. आता हाडं दळायची गरज उरली नाही, कारण प्रथिन पेशींमध्ये कारखान्यासारखं बनवता येऊ लागलं. युरिस्ट स्वतः त्याआधीपासून, हाडातून काढलेलं बीएमपी न जुळणाऱ्या मांडीच्या हाडांवर वापरून बघत होते.

4 फेब्रुवारी 2001 ला ते गेले. त्याच वर्षी बीएमपी-7 ला अमेरिकेत मर्यादित वापराची परवानगी मिळाली. जुलै 2002 मध्ये मणक्याच्या ऑपरेशनसाठी बीएमपी-2 आलं. कोलाजेनच्या स्पंजवर औषध ओतायचं, स्पंज जागेवर ठेवायचा, कमर चिरायची गरज नाही. हे बघायला ते हवे होते.

पुढचं मात्र त्यांना आवडलं नसतं, असं मला वाटतं. औषधातला डोस मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हाडात निसर्गतः जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट. परवानगी नसलेल्या जागीही ते सर्रास वापरलं गेलं. मानेच्या मणक्यात वापरल्यावर काही पेशंटचा गळा इतका सुजला की श्वास घेणं, गिळणं अवघड झालं. 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड वाढल्याच्या तक्रारीही होत्या. 2011 मध्ये द स्पाइन जर्नलने जवळजवळ अख्खा अंक या दुष्परिणामांना दिला. खरं तर सशाच्या मांसात उगवलेल्या त्या हाडाने हेच आधी दाखवून दिलं होतं: हा मेसेज जिथे पडेल तिथे हाड बनू शकतं. एका दुर्मिळ जन्मजात आजारात माणसाचे स्नायूच हळूहळू हाड बनत जातात. त्यामागे बीएमपीचा मेसेज घेणाऱ्या रिसेप्टरमधला बिघाड आहे, हे 2006 मध्ये कळलं.

आणि गुडघ्याची गादी? तिचं प्रकरण अवघड आहे. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती झिजली की स्वतःहून नीट भरून येत नाही. पीआरपी इंजेक्शनमध्ये तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेटचे ग्रोथ फॅक्टर असतात. काहींचं दुखणं त्याने कमी होतं, पण झिजलेली गादी नव्याने उगवते असं कुणी रील टाकून सांगत असेल तर पैसे भरण्याआधी पुरावा मागा.

बीएमपीचं महागडं औषध सोडा, युरिस्ट यांचा मूळ प्रयोग आपल्या मुंबईतच बाटलीत मिळतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक 1988 पासून सुरू आहे. तिथे दान मिळालेलं मानवी हाड ॲसिडने कॅल्शियम काढून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. हिरडीखालचं हाड झिजून दात हलायला लागला की दाताचे डॉक्टर त्या खड्ड्यात जी पांढरी पूड भरतात, ती बऱ्याचदा हीच असते.