कादंबरीकार हरि नारायण आपटे

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीं लागला, असें राजशेखर कवीनें आपल्या काव्यमीमांसा ग्रंथांत वर्णिलें आहे. ज्या भूमीचा साहित्याशीं असा सोयरसंबंध, तेथील वाचकांस एका थोर कादंबरीकाराचें चरित्र सादर करण्यांत आम्हांस आनंद वाटतो. शिवाय १९१२ सालीं अकोला येथें मराठी साहित्यसंमेलन भरलें, त्याचें अध्यक्षपद हरि नारायण आपटे यांनींच भूषविलें होतें. आणि वाशीम हा तेव्हां अकोला जिल्ह्यांतीलच एक तालुका होता. आमचा जिल्हा स्वतंत्र झाला तो १९९८ सालीं.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें या गांवीं झाला. त्यांचें शिक्षण प्रथम मुंबईस व नंतर पुण्यास झालें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत त्यांना चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरु लाभले. गुरूंविषयीं आदर होता, पण बुद्धि गहाण टाकलेली नव्हती. आगरकरांनीं शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकाचें विकारविलसित या नांवानें भाषांतर केलें, तेव्हां या शिष्यानें विद्यार्थिदशेंतच त्याची सविस्तर चिकित्सा लिहून प्रसिद्ध केली. पुढें कॉलेजांत गेले, परंतु पदवी कांहीं पदरांत पडली नाहीं.

त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. संस्कृत हस्तलिखितें जमवावीं, शोधावीं व छापावीं, हें तिचें कार्य. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली व ती त्यांनीं अखेरपर्यंत निष्ठेनें पाहिली. चरितार्थाची सोय येथें झाल्यामुळें लेखणी कोणाच्या दारीं बांधावी लागली नाहीं. दिवसा प्राचीन ग्रंथांची राखण करणारा हा गृहस्थ आपल्या कथांतून जुन्या रूढींची झडती घेत असे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

त्यापूर्वींची मराठी कादंबरी बहुधा राजपुत्र, राक्षस व अद्‌भुत योगायोग यांतच रमलेली होती. बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकानें मात्र १८५७ सालींच यमुनापर्यटन लिहून विधवांच्या दुःखास वाचा फोडली होती. हरिभाऊंनीं १८८५ सालीं मधली स्थिति ही कादंबरी लिहावयास घेतली, आणि पुण्यांतील साधीं घरें, माजघरें व ओसऱ्या मराठी कथेंत आल्या. १८९० सालीं त्यांनीं करमणूक हें साप्ताहिक काढलें व तें १९१७ पर्यंत चालविलें. आगरकरांचा सुधारक जें वादानें पटवीत होता, तेंच हरिभाऊ गोष्टींतून मनांत उतरवीत.

पण लक्ष्यांत कोण घेतो ही त्यांची विख्यात कादंबरी याच साप्ताहिकांतून क्रमशः आली. तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. १८९१ च्या कायद्यानें तें वय दहावरून बारा केलें, एवढ्यावरून पुणें शहर पेटलें होतें. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालींच झाला होता. परंतु कायदा उंबरठ्याबाहेरच थांबला. हरिभाऊंनीं उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकलें. त्यांची यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते: बाळपणचे खेळ, सासरचा जाच, पतीच्या प्रेमानें मिळालेलें शिक्षण, मग वैधव्य आणि बळजबरीचें केशवपन. येथें लेखक मध्यें पडून उपदेश करीत नाहीं. वाचक स्वतःच खालीं मान घालतो. आम्हां धर्मोपदेशकांस घरोघरीं जावें लागतें, व जिचें दुःख सर्वांत मोठें तीच सर्वांत कमी बोलते, असा आमचा अनुभव आहे. अशा मुक्या जिवास भाषा देणें ही थोर भूतदया होय.

मी, उषःकाल, गड आला पण सिंह गेला, वज्राघात इत्यादि त्यांच्या इतर कृतीही गाजल्या. सामाजिक कथांस ते आजकालच्या गोष्टी असें साधें नांव देत. दुष्काळावरील काळ तर मोठा कठीण आला ही त्यांची लघुकथा, अन्नावांचून माणसाचें काय होतें हें दाखविते. दर आठवड्यास मजकूर द्यावयाचा, म्हणून त्यांच्या लेखनांत पाल्हाळ शिरला व कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु पात्रांच्या बोलण्यांतील सच्चेपणा त्या घाईंतही ढळला नाहीं.

दुसऱ्याच्या गुणांचें त्यांना कौतुक होतें. कवि केशवसुत १९०५ सालीं निवर्तले. त्यांच्या विखुरलेल्या कविता जमवून हरिभाऊंनीं १९१७ सालीं त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ३ मार्च १९१९ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

पदवी नसतांना, आश्रयदात्याची मर्जी न राखतां, जें दिसलें तें त्यांनीं निर्भयपणें व कनवाळूपणें लिहिलें. केशवपनाची चाल आज उरली नाहीं. परंतु घरांतील मुकें दुःख अजून सरलेलें नाहीं. आमच्या तरुण वाचकांनीं यमूची कहाणी एकदां अवश्य वाचावी, आणि मग आपल्याच घरांत कोण गप्प बसलें आहे, तिकडे लक्ष द्यावें.