आवाज फुटल्यानंतर : गायनाचार्य भास्करबुवा बखले

(बी. ए. द्वितीय वर्ष)

फुलंब्री हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना एस.टी.च्या पाटीवरून ठाऊक असते. माझे गाव त्याच तालुक्यातले. वडिलांना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले म्हणून आम्ही गारखेड्यात राहावयास आलो. परंतु हरिनाम सप्ताहाला आजही गावी जातो. तिथल्या भजनात माझा धाकटा भाऊ लहानपणापासून टाळ घेऊन उभा राहत असे. त्याचा आवाज वर चढला की म्हातारी माणसे माना डोलवीत. पुढे गाव आणि नातेवाईक एकच गोष्ट बोलू लागले. या पोराला टी.व्ही.वर पाठवा!

तो अकरा वर्षांचा असताना वडिलांनी एका दिवसाचा पगार बुडवून त्याला एका गाण्याच्या स्पर्धेच्या निवडचाचणीला नेले. पहाटेपासून रांग होती. छातीवर क्रमांकाचा कागद. त्याच्या गाण्याला मिनिटभरही मिळाले नाही. मात्र रांगेत असताना वडिलांचा पगार किती, घर पत्र्याचे की स्लॅबचे, गाण्यापायी घरात काय काय सोसावे लागले, हे फार आस्थेने विचारण्यात आले. कोणाकडे शिकतोस, रोज किती वेळ बसतोस, हे कोणीच विचारले नाही. निवड झाली नाही. तरी तो गात राहिला. गेल्या वर्षी त्याचा आवाज फुटला. शाळेच्या स्नेहसंमेलनात वरचा सूर लावताना घसा चिरकला आणि मुले हसली. त्या दिवसापासून त्याने गाण्याच्या वर्गाला जाणे सोडले. वडिलांनी फी थांबवली. आईने पेटीवर कापड टाकले.

याच सुमारास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे नाव भेटले. आडनावातच आपले फुलंब्री, म्हणून कुतूहलाने वाचू लागले. कृष्णराव वाचता वाचता त्यांच्या गुरूंपर्यंत पोहोचले. ते गुरू म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले. संगीत जाणणाऱ्यांना हे नाव नवे नाही. माझ्यासारखीला मात्र नवे होते. वाचकहो, त्यांचे चरित्र मी माझ्या भावासाठी वाचले, आणि त्याच्यासाठीच येथे सांगत आहे.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची गरिबी होती. शिकण्यासाठी मुलगा बडोद्यास आला. आवाज गोड असल्याने प्रथम कीर्तनाकडे वळला आणि पिंगळेबुवा या कीर्तनकारांकडे त्याचे पहिले धडे झाले. माझ्या भावाचे पहिले धडे भजनात झाले. तेव्हा हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला.

तो काळ संगीत नाटकाच्या उदयाचा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले होते आणि १८८२ साली ‘सौभद्र’. स्त्रियांची कामे मुले व तरुण पुरुष करीत. म्हणून कोवळ्या, चढ्या आवाजाच्या मुलांना नाटक मंडळ्या शोधीत असत. भास्कर असाच किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. १८८४ साली आलेल्या ‘रामराज्यवियोग’ या नाटकात त्याने कैकेयीची भूमिका केली आणि त्याचे नाव झाले. पंधरा वर्षांच्या मुलाला याहून काय हवे? दिवे, टाळ्या, गावोगावी कौतुक! इंदूरच्या मुक्कामात थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले, ते प्रसन्न झाले आणि त्यांनी या मुलाला गंडा बांधला, असे सांगतात.

आजच्या टी.व्ही.च्या हिशेबाने येथे गोष्ट पूर्ण होते. गरिबाचा मुलगा, दैवी आवाज, मोठ्या उस्तादाची शाबासकी. पडदा पडावा, जाहिरात लागावी!

परंतु पुढे भास्करचा आवाज फुटला. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, आतल्या पट्ट्या लांब व जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. हा काही रोग नव्हे, तसा कोणाचा दोषही नव्हे. परंतु नाटक मंडळीला हवा होता तो आवाज आता उरला नव्हता. कालपर्यंत ज्याचे कौतुक होई त्याची किंमत एकाएकी उतरली. ज्या घशावर पोट चालत होते तोच घसा साथ देईना. त्याने मंडळी सोडली.

माझ्या मते भास्करबुवांचे खरे चरित्र येथून सुरू होते. तो बडोद्यास परतला आणि दरबारचे गवई फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकू लागला. खाँसाहेब ग्वाल्हेर परंपरेचे. पूर्वीची वाहवा आता उपयोगाची नव्हती. मूळ षड्जापासून आरंभ करावयाचा होता. बदललेला आवाज खालच्या सप्तकात, खर्जात स्थिर करावयाचा, एकेका स्वरावर तासन् तास थांबावयाचे, तीच बंदिश पुनःपुन्हा म्हणावयाची, आणि गुरूचे समाधान होईपर्यंत पुढची मागावयाची नाही, अशी ही विद्या. शागिर्दाने गुरूच्या घरची कामे करावीत अशी त्या काळची रीत होती. या वर्षांना श्रोते नव्हते. टाळ्या नव्हत्या. एक शिकवणारा, एक शिकणारा आणि तंबोरा.

पुढे ते आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे शिकले. आग्रा घराण्याची गायकी लयीशी खेळणारी. ती आत्मसात करावयाची म्हणजे आधीची सवय मोडून नवी लावणे आले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते संगीत शिक्षकही होते. म्हणजे एकीकडे दुसऱ्यांना शिकवीत होते आणि दुसरीकडे स्वतः विद्यार्थीच होते. १९०१ साली नत्थन खाँ वारले. तोवर भास्करबुवा तिशी ओलांडलेले, नाव मिळवलेले गवई झाले होते. येथे थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते थांबले नाहीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातील अल्लादिया खाँ यांची जयपूर-अत्रौली गायकी त्यांना शिकावीशी वाटली, आणि या वयात ते पुन्हा एका गुरूपुढे शिष्य म्हणून बसले.

ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन वाटा एका गळ्यात आल्या त्या अशा. मला विशेष वाटते ते आणखी एका गोष्टीचे. कीर्तनातून आलेला हा ब्राह्मण मुलगा ज्यांच्या पायाशी बसला ते सर्व खाँसाहेब होते. त्यांनी आपल्या घराण्यातली विद्या त्याला दिली आणि त्यानेही आयुष्यभर त्यांना गुरू मानले. आपल्या शहरात वाढणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यानंतर मात्र कीर्ती आली आणि ती महाराष्ट्रापुरती राहिली नाही. पंजाबात जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यापर्यंत त्यांचे गाणे पोहोचले. लोक त्यांना देवगंधर्व म्हणू लागले. आपण जे फार कष्टाने मिळवले ते इतरांना इतके दुर्मिळ राहू नये, असे त्यांना वाटले असावे. कारण १९११ साली त्यांनी पुण्यात संगीत शिक्षणाची संस्था काढली. भारत गायन समाज या नावाने ती आज शंभर वर्षांनंतरही ओळखली जाते. खाँसाहेबांच्या घरी वर्षानुवर्षे राहणे ज्याला शक्य नाही, त्या सामान्य घरातल्या मुलासाठी वर्गाचे दार उघडले, हे तिचे मोठेपण.

बालगंधर्व तेव्हा रंगभूमीचे लाडके झाले होते. त्यांनीही भास्करबुवांचे शिष्यत्व पत्करले. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली भास्करबुवांच्या होत्या आणि रुक्मिणी होते बालगंधर्व. रागदारीची खोल विद्या ‘स्वयंवर’च्या पदांमधून साध्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ज्या रंगभूमीने एके काळी आवाज फुटला म्हणून या माणसाला गमावले होते, त्याच रंगभूमीला त्याने तीस वर्षांनी एवढे देणे दिले!

आणि मग आमचे फुलंब्रीकर. कृष्णरावांचा जन्म १८९८ सालचा, आळंदीचा. तेही नाटकात बालनट म्हणूनच चमकले होते. १९११ च्या सुमारास, म्हणजे आवाज फुटण्याच्याच वयात, ते भास्करबुवांकडे आले आणि गुरूच्या अखेरीपर्यंत शिकत राहिले. बालनटाच्या वाट्याला काय येते हे या गुरूला स्वानुभवाने ठाऊक होते. असा गुरू लाभणे हे कृष्णरावांचे भाग्यच. पुढे त्यांनी प्रभातच्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले, आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी भास्करबुवा पुण्यात वारले. त्यांच्या गायनाची तबकडी आज ऐकावयास मिळत नाही. त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांचे जे उरले ते शिष्यांच्या गळ्यात, ‘स्वयंवर’च्या चालींत आणि त्या संस्थेत उरले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याकडे गाण्याच्या टी.व्ही. स्पर्धा १९९५ पासून चालू आहेत. मराठीत २००८-०९ च्या लहान मुलांच्या पर्वाने तर घराघरांत वेड लावले. त्या मुलांचे गाणे खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातली आर्या आंबेकर आपल्या आईकडे गाणे शिकत होती. म्हणजे तिच्या मागे वर्षांची मेहनत होती. आडगावातल्या मुलाला या कार्यक्रमांनी व्यासपीठ दिले, हेही मान्य केले पाहिजे. माझी तक्रार निराळी आहे. तिथे शिकणे दिसते ते कसे? गुरू चार वाक्ये बोलतो, मुलगा मान डोलवतो, मागे वाद्ये वाजतात आणि पुढच्या आठवड्यात तोच मुलगा सुधारून उभा असतो. कष्ट म्हणून दाखवले जातात ते घरच्या गरिबीचे आणि आईच्या डोळ्यांतील पाण्याचे. खर्जाचे कष्ट दाखवीत नाहीत, कारण एकच स्वर तासभर लावणारा मुलगा कोण पाहत बसेल? शिवाय शेवटी एक विजेता ठरतो, आणि विजेता म्हणजे शिकून संपलेला, असा समज घरोघरी होतो. भास्करबुवा तर तिशीनंतरही नवा गुरू शोधीत होते.

यातून जो गैरसमज होतो त्याची किंमत मुले देतात. आवाज ही देणगी आहे आणि ती एक तर असते किंवा नसते, असे आमच्या घराने टी.व्ही.वरून शिकून घेतले. म्हणून निवड झाली नाही तेव्हा वडील खचले, आणि आवाज फुटला तेव्हा त्यांना देणगीच परत गेल्यासारखे वाटले. त्यांना दोष कसा द्यावा? आमच्या घराण्यात गाणे शिकलेले कोणी नाही, मला सोडून कॉलेजात गेलेलेही कोणी नाही. शिकण्याला किती काळ लागतो आणि मधली वर्षे कशी दिसतात, हे आम्हांला सांगणार कोण? टी.व्ही.ने ते सांगावयास हवे होते. त्याने नेमकी तीच वर्षे गाळली.

जुनी पद्धत सर्वस्वी चांगली होती असेही मी म्हणणार नाही. तीत गुरूची मर्जी होती, हरकामी सेवा होती, विद्या लपवून ठेवण्याची खोड होती. आणि ज्यांच्या जातीला किंवा बाईपणाला दार बंद, त्यांना बाहेरच उभे राहावे लागे. त्या काळात माझ्या भावाला कोणी आत घेतले असते की नाही, याची मला खात्री नाही. म्हणूनच १९११ सालच्या त्या संस्थेचे मोल मला अधिक वाटते. सेवा वजा करूनही साधना शिल्लक ठेवता येते, असा विश्वास तिच्यामागे होता. टी.व्ही.ने मात्र उलटे केले, साधनाच वजा केली.

असो. दिवाळीच्या सुट्टीत मी ही सारी हकिकत भावाला सांगितली. तो काही बोलला नाही. फक्त एवढेच विचारले, की भास्करबुवांना नीट गाता येऊ लागायला नेमकी किती वर्षे लागली. मी वर्षे मोजून सांगू शकले नाही. मग तोच त्याच्या जुन्या गुरुजींकडे जाऊन आला. सध्या वरचे सूर लावू नकोस, रोज थोडा वेळ खालच्या सुरात, जोर न करता बस, असे त्यांनी सांगितले आहे, आणि फीचे नंतर बघू म्हणाले आहेत.

हल्ली पहाटे वडील पहिल्या पाळीला निघतात तेव्हा आतल्या खोलीतून एक जाडसर, थोडासा डळमळणारा षड्ज ऐकू येतो. कानाला तो अजून गोड नाही. वडील दारात चप्पल घालता घालता क्षणभर थांबतात. टी.व्ही.वर कधी, असे त्यांनी या दिवसांत एकदाही विचारलेले नाही. परवा मात्र जाताना त्यांनी पेटीची भाती दुरुस्त करावयास किती लागतील, एवढे विचारले.