पावलांनी मोजलेला देश

तिबेटचा नकाशा उघडला की आम्हांस एका शाळामास्तरांचे स्मरण होते. पंडित नैनसिंग रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊँच्या जोहार खोऱ्यात झाला. ते खेड्यातील शाळेत शिकवीत असत. पुढे १८६३ मध्ये देहरादून येथे त्यांना भूमापनाचे शिक्षण मिळाले. त्या काळी तिबेटची सीमा इंग्रजांस बंद होती आणि त्यांचा माणूस ओळखला गेला तर प्राणाशीच गाठ होती. म्हणून मोजणी करावयाची ती वेष पालटून.

एकसारखे पाऊल टाकण्याची सवय त्यांनी अंगी बाणवली. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा. टिपणे प्रार्थनाचक्रात दडविलेली असत. असे मोजीत मोजीत ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचले व त्या नगराचे नेमके स्थान आणि उंची त्यांनी निश्चित केली.

जुलै १८७४ मध्ये ते लेहहून पुन्हा निघाले. चांगथांगच्या उजाड, थंड पठारावर त्यांचे सामान मेंढ्यांच्या पाठीवर होते. ल्हासात ओळखले जाण्याच्या भयाने त्यांनी ते नगर लगोलग सोडले. वाटेत तवांग येथे त्यांना अडवून ठेवण्यात आले. अखेर मार्च १८७५ मध्ये ते आसामात उतरले.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. परंतु या प्रवासांनी त्यांची प्रकृती व दृष्टी पार खालावली होती. विद्यार्थ्यांनो, नकाशात ल्हासावर बोट ठेवाल तेव्हा या मास्तरांची जपमाळ आठवा.