विश्लेषण : खोपा विणतो नर, मग नाव ‘सुगरण’ कसे? सलीम अलींनी काय पाहिले, हार्मोन्सने काय उलगडले?

पावसाळा लागला की सातारा-सांगलीत कृष्णाकाठच्या विहिरींवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. शेजारच्या उसाच्या पानांच्या बारीक चिरफळ्या काढून ते विणलेले असतात. मराठीने या कारागिराला बाईचे नाव दिले. विणणारा मात्र पिवळ्या डोक्याचा नर असतो. या पक्ष्याचा संसार तासन्तास न्याहाळून शास्त्रीय नोंदीत आणला सलीम अली यांनी. तोही नोकरी गेल्यावर!

नोकरी का गेली?

सलीम अलींचा जन्म १८९६चा, मुंबईतला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवले. एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. १९३०ची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून ते परतले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातले त्यांचे गाइड लेक्चररचे पद पैशांअभावी रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी दारेही बंद. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

किहीममध्ये काय दिसले?

तिथे सुगरणींची वसाहत होती. पक्षी मारून कातडी जमवायची आणि मापे घ्यायची, हा त्या काळचा शिरस्ता. अली मात्र जिवंत पक्षी बघत बसले. नर अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवत, गात माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पाहणी करते. पसंत पडला तरच ती राहते आणि नर खोपा पूर्ण करतो. नापसंत झाला तर मेहनत वाया. मादी अंड्यांवर बसली, की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! ही निरीक्षणे १९३१मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पण हाच नर हिवाळ्यात मादीसारखा भुरा दिसतो आणि खोपेही विणत नाही. मग पावसाळ्यात त्याच्यात येते काय?

हार्मोन्स नेमके काय करतात?

दिवस मोठा होऊ लागला की मेंदू पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, वृषणे फुगतात आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढते. सुगरण नराची चोच काळी पडते ती त्यामुळे. गंमत म्हणजे पिवळी पिसे त्यामुळे येत नाहीत. वृषणे काढलेला नरही पिवळा होतो, कारण पिसांचा रंग थेट पियुषिकेच्या हार्मोनवर चालतो.

गाण्याचे मूळ आणखी खोल आहे. १९७६मध्ये नॉटेबोम आणि अर्नोल्ड यांनी कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांचे मेंदू तपासले. गाणे चालवणारी केंद्रे नरात मादीपेक्षा कितीतरी मोठी निघाली. झेब्रा फिंच हा आपल्या मुनियांच्या कुळातला ऑस्ट्रेलियन पक्षी. त्यात फक्त नर गातो. १९८०मध्ये गर्नी आणि कोनिशी यांनी त्याच्या मादी पिल्लांना इस्ट्रोजेन दिले. होय, ज्याला आपण ‘स्त्री-हार्मोन’ म्हणतो तेच! त्या पिल्लांच्या मेंदूतली गाण्याची केंद्रे नराच्या वळणावर वाढली आणि मोठेपणी टेस्टोस्टेरॉन मिळताच या माद्या गाऊ लागल्या. प्रौढ मादीला नुसते टेस्टोस्टेरॉन देऊन हे साधत नाही. म्हणजे मेंदूची घडण पिल्लूपणी होते, मोठेपणीचे हार्मोन ती फक्त चालू करते. अर्थात हा नियम सगळ्या पक्ष्यांना लावू नये. कित्येक जातींत माद्याही उत्तम गातात.

पुढे अलींचे काय झाले?

१९३९मध्ये तेहमिना गेल्या. १९४१मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले, पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबतचे दहा खंड. १९७६मध्ये पद्मविभूषण मिळाले, १९८५मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि १९८७मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर १६ वर्षांनी, २००३मध्ये, एका विलक्षण झेब्रा फिंचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे उजवे अंग नराचे होते, डावे मादीचे. दोन्ही बाजूंना एकच रक्त, तेच हार्मोन. तरी गाण्याचे केंद्र उजवीकडे अधिक नरासारखे वाढलेले होते. हार्मोन्सच्या जोडीला मेंदूतल्या पेशींची स्वतःची जनुकेही नर-मादी ठरवण्यात भाग घेतात, हे तेव्हा दिसले.