लुडविक झामेनहोफ

लुडविक लेझर झामेनहोफ (१५ डिसेंबर, १८५९ – १४ एप्रिल, १९१७) हे पोलिश-ज्यू नेत्रतज्ज्ञ आणि एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे जनक होते. त्यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील बियाविस्तोक येथे झाला. तेथे रशियन, पोलिश, जर्मन व यिडिश बोलणारे समाज परस्परांविषयी संशय बाळगून राहत. या दुराव्याचे एक मूळ भाषाभेदात आहे, असे झामेनहोफ यांचे बालपणापासूनचे मत होते.

शब्दांची घडण

सर्वांना सोपी भाषा रचताना त्यांना व्याकरणापेक्षा शब्दसंख्येची अडचण अधिक जाणवली. विद्यार्थिदशेत त्यांचे लक्ष रशियन पाट्यांकडे गेले. दरवानाची खोली आणि मिठाईचे दुकान, या दोहोंच्या नावांना एकच प्रत्यय होता. असे प्रत्यय नियमाने वापरल्यास शब्दकोशाचे ओझे हलके होईल, हे त्यांनी ताडले.

मूळ शब्द त्यांनी प्रचलित भाषांतून घेतले. लॅटिन व तिच्यापासून निघालेल्या भाषांचा वाटा त्यांत सर्वांत मोठा आहे. कुत्र्यासाठीचा 'हुंदो' जर्मनमधून, पक्ष्यासाठीचा 'बिर्दो' इंग्रजीतून, तर 'आणि' या अर्थाचा 'काय' ग्रीकमधून आला (मराठी वाचकाला तो प्रश्न वाटण्याचा संभव आहे). उसना शब्द अर्थासह जसाच्या तसा राहिला, असे मात्र नेहमीच घडले नाही. लॅटिन वळणाच्या भाषांत 'माल' वाईटपणा सुचवतो. एस्पेरांतोत तो केवळ विरुद्धार्थी उपसर्ग आहे. 'बोना' म्हणजे चांगला, 'मालबोना' म्हणजे वाईट. पण 'ग्रांदा' म्हणजे मोठा आणि 'मालग्रांदा' म्हणजे लहान, यात निंदेचा भाग नाही.

टोपणनावाचे भाषानाम

२६ जुलै, १८८७ रोजी वॉर्सा येथे त्यांची पहिली पुस्तिका रशियनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ९०० मूळ शब्द होते. लेखक म्हणून 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा, असे टोपणनाव होते. भाषेला त्यांनी नुसते 'आंतरराष्ट्रीय भाषा' म्हटले होते. टोपणनाव भाषेला चिकटले ते वापरणाऱ्यांमुळे. झामेनहोफ यांनी भाषेवरील हक्क सोडून दिले होते. १९०५ साली फ्रान्समधील बुलोन-स्युर-मेर येथील पहिल्या जागतिक अधिवेशनात, भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही, हे तत्त्व मान्य झाले. पुढे वापरणाऱ्यांनी स्वतःचे अर्थही घडवले: 'मगर' या शब्दापासूनच्या 'क्रोकोदिली' या क्रियापदाचा अर्थ एस्पेरांतो-भाषकांच्या मेळाव्यात स्वतःच्या मातृभाषेत बोलणे असा झाला.

पहिले महायुद्ध चालू असताना वॉर्सा येथे झामेनहोफ यांचे निधन झाले. नाझी राजवटीत त्यांच्या तिन्ही अपत्यांची हत्या झाली: १९४० मध्ये मुलगा आदाम, तर १९४२ मध्ये झोफिया व लिदिया या मुली.