बेसला आवाज देणारा अकाउंटंट : लिओ फेंडर

गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजत असते तेव्हा तिच्याकडे कुणी बघतही नाही. पण ती थांबली की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. ही गिटार आणि तिचा अॅम्प्लिफायर जगभर पोहोचवणारा माणूस ना इंजिनिअर होता, ना वादक. लिओ फेंडरला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही!

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमजवळ, एका शेतकरी घरात झाला. आठव्या वर्षी आजारपणात त्याचा एक डोळा गेला. रेडिओ उघडून बघायचा नाद लहानपणापासूनच, पण कॉलेजात शिकला अकाउंटिंग. मंदीच्या काळात नोकरी गेली. तेव्हा ६०० डॉलर उसने घेऊन १९३८ मध्ये त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक मंडळी बिघडलेले अॅम्प घेऊन यायची आणि तक्रारी सांगायची. लिओ ऐकून घ्यायचा. हेच त्याचं खरं शिक्षण.

त्या काळी बेससाठी माणसाएवढा उंच डबल बेस उभा धरून वाजवावा लागे. ने-आण करताना हाल, आणि बाकीच्या वाद्यांत आवाज बुडून जाई. १९५१ मध्ये लिओने 'प्रिसिजन बेस' आणला: गळ्यात अडकवता येणारा, पट्ट्या असल्यामुळे सूर अचूक लागणारा. पण नुसती गिटार असून काय उपयोग? बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, साध्या गिटारच्या जाड तारेच्या निम्म्यावर. एवढा खालचा सूर ऐकू यायचा तर स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. म्हणून १९५२ मध्ये 'बासमन' हा अॅम्प आला. सुरुवातीला त्यात १५ इंची एक स्पीकर होता, पुढे १० इंची चार झाले.

आणि इथेच गंमत झाली. चार स्पीकरच्या बासमनची पेटी मागून उघडी होती. स्पीकरच्या मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या उलट असते. ती वळून पुढे आली की खालचे सूर कापले जातात. शिवाय आवाज वाढवला की व्हॉल्व्ह फाटायला लागत. बेसवाल्याला हा दोष, पण गिटारवाले याच फाटक्या आवाजावर फिदा झाले! १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलने जवळपास तेच सर्किट घेऊन आपला अॅम्प काढला आणि रॉकची गर्जना तिथून पसरली.

बेसची बाजू मात्र अॅम्पेग कंपनीने सांभाळली. तिच्या १९६० च्या 'बी-१५' मध्ये ताकद जेमतेम २५ ते ३० वॅट, पण पाठ बंद आणि स्पीकर १५ इंची. आवाज गोल, उबदार, स्टुडिओवाल्यांचा लाडका. १९६९ मध्ये मोठ्या स्टेजसाठी तिनेच ३०० वॅटचा 'एसव्हीटी' आणला. म्हणजे टोन नुसत्या वॅटवर ठरत नाही; पेटीही तितकीच महत्त्वाची.

इकडे लिओला सायनसच्या जुनाट इन्फेक्शनने हैराण केलं होतं. आपण फार जगत नाही असं वाटून त्याने १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकून टाकली. पुढे उपचार बदलले आणि गडी चक्क बरा झाला! पैसा होता, पण स्वतःच्या नावाची कंपनी परक्याची झालेली. तरी तो हातावर हात ठेवून बसला नाही. आधी म्युझिक मॅन, मग जी अँड एल अशा कंपन्यांत पुन्हा टेबलाशी बसला. पार्किन्सन्सने गाठलं तरी वर्कशॉप सुटलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला.

दुरुस्तीवाल्याचा हात असल्यामुळे त्याच्या वस्तू झटकन उघडायच्या; गिटारची मानसुद्धा स्क्रूने जोडलेली, बिघडली की बदला. सणसवाडीच्या कंपन्यांत ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी मेंटेनन्सवाल्या काकांना विचारून बघा, उघडता न येणारं मशीन म्हणजे काय डोकेदुखी असते! मित्रांनो, डिझाइन करताना वापरणाऱ्याचं आणि दुरुस्त करणाऱ्याचं आधी ऐकावं, हे लिओला कुठल्या डिग्रीने शिकवलं नव्हतं. आपण तर डिग्री घेतोय, मग ऐकायला काय हरकत आहे?